इराणची ओळ

लेक स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. त्यासाठीच आम्ही लातूरला खोली करून राहतो. सकाळी मी भाकरी थापत असते आणि ती मागं भिंतीला टेकून मोठ्यानं पाठ करत असते. मागच्या आठवड्यात तिचं चाललं होतं, आपल्या देशाचा माल कुठल्या कुठल्या देशात जातो, कुणाचा वाटा वाढला, कुणाचा घटला. घटला म्हणताना ती पुस्तकावर बोट आपटायची, लक्षात राहावं म्हणून.

मी विचारलं, "इराणचं काय लिहिलंय?"

ती बघतच राहिली. "तुला गं काय करायचंय इराणचं?"

"काही न्हाई. सहज."

"घटला," ती म्हणाली, आणि पुढं वाचायला लागली.

मीच कितीतरी वर्षं इराण होते, हे तिला काय सांगणार. सांगायला लागले असते तर मुकादमांचं सांगावं लागलं असतं, आणि ते तोंडानं सांगणं मला जमणार नाही. ती क्लासला गेल्यावर खोलीत कुणी नसतं. तेव्हा लिहिते.

नांदेडला मोंढ्याच्या, धान्यबाजाराच्या मागं हळदीची एक शेड होती. मी तिथं रोजानं जायचे. शेतकऱ्याकडून हळद उकडून, वाळवून, घासून यायची. आमचं काम ती निवडायचं. जाड कांडी वेगळी, बारीक वेगळी, तुटकी, काळी पडलेली वेगळी. निवडलेला माल पोत्यात भरून बाहेरदेशी जायचा. पण जाण्याआधी तो पास व्हावा लागायचा, आणि पास करणारा माणूस एकच, मुकादम. त्यांना नाव होतं, पण शेठसुद्धा त्यांना मुकादमच म्हणायचे.

बाकीच्या शेडमध्ये बाया कुठंही बसतात आणि पुढ्यात पडलेला ढीग निवडतात. आमच्या मुकादमांनी देशांच्या ओळी केल्या होत्या. दारापाशी दुबई, तिच्यामागं अमेरिका, मग बांगलादेश, आणि पार आत, भिंतीला लागून इराण. खाली लांबच लांब बारदान अंथरलेलं, त्यावर बाया. ज्याची मागणी मोठी त्याची ओळ लांब. एखाद्या देशानं माल कमी केला की मुकादम त्या ओळीतल्या बायकांना उठवून दुसऱ्या ओळीत बसवायचे. कोण किती घेतंय हे आम्हाला वर्तमानपत्रातून कळायची गरजच नव्हती. मान वर करून पाहिलं की कळायचं.

बायकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, किंवा त्यांना ती घ्यायची नसत. ते ओळीचं नाव घ्यायचे.

"ए दुबई! हात चालवा, तोंड नगं."

"अमेरिका, पाणी प्यायला किती येळ? इहीर खांदायला गेलतीस का?"

बायाही वस्ताद. "मुकादम, दुबईला उनाचं चक्कर यायलंय, पंखा फिरवा इकडं."

"दुबईला ऊन नवं हाय व्हय? बस गुमान."

मला ते इराण म्हणायचे. हजेरीच्या वेळी "इराण आली का?" असं विचारायचे. मी मान हलवायचे आणि जाऊन बसायचे.

उंच, वाळलेला माणूस. टोपी पांढरी म्हणून शिवलेली असणार, पण मी ती कधी पांढरी पाहिली नाही. माल पास करायची त्यांची रीत अशी: पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातली एक कांडी काढायची, टोपी काढून काखेत धरायची, आणि उजव्या कानापाशी नेऊन कांडी मोडायची. चांगली वाळलेली हळद मोडताना घणघणीत वाजते. ओली असली तर नुसती तुटते, वाजत नाही. मोडल्यावर ते आतला रंग बघायचे, पण आधी ऐकायचे. ऐकताना सगळी शेड गप्प पाहिजे. हमाल पाठीवर पोतं घेतलेला असला तरी जागेवर उभा.

नवी बाई आली की पहिल्या दिवशी तिला काम नाही. रोजी मिळायची, पण काम फक्त ऐकायचं. मुकादम तिच्या कानापाशी कांड्या मोडायचे आणि विचारायचे, "वाजती कोणची, ही की ती?" बहुतेक बाया पहिल्याच आवाजाला "ही" म्हणून मोकळ्या व्हायच्या. मी गेले तेव्हा मला बोलायलाच झालं नाही. त्यांनी मोडलेल्या कांड्यांचा माझ्यासमोर ढीग झाला. शेवटी मी बोटानं एका कांडीकडं दाखवलं.

"इकडं इराणात बस," ते म्हणाले. तेव्हा इराणची ओळ दुबईपेक्षा लांब होती.

इराणवर त्यांचा जीव होता. त्याचं कारण ते सगळ्यांना सांगायचे. पूर्वी कधीतरी शेठबरोबर तिकडचा एक व्यापारी माल बघायला आला होता. बाकीचे व्यापारी येतात ते कागद बघतात, फोटो काढतात, नाकाला रुमाल लावतात. हा माणूस भर उन्हात कोट घालून पोत्यावर बसला, कांडी घेतली, आणि स्वतःच्या कानापाशी नेऊन मोडली. मोडून मुकादमांकडं पाहिलं आणि हसला. भाषा एकमेकांची येत नव्हती. मग मुकादमांनी एक मोडली, मग त्यानं एक. असं किती वेळ चाललं म्हणे.

"आख्ख्या जगात कानानं माल घेणारा तेवढा एक," मुकादम म्हणायचे. "दाढी छातीपोतर. डोळे मिटून आयकायला."

"मागच्या बारीला तर दाढी नव्हती म्हणलाव तुम्ही," दुबईच्या ओळीतली एक थोरली बाई होती, तिचं तोंड सगळ्यात चालायचं, ती म्हणायची.

"मंग वाढविली आसंल मधी! तुला काय सांगून वाढवावी का त्यानं?"

एकाच देशाची ओळ फार लांब झाली की मात्र ते अस्वस्थ व्हायचे. लोक खूश व्हायचे अशा वेळी. शेठ पेढे आणायचे. मुकादम पेढा हातात धरून ओळीच्या टोकापासून टोकापर्यंत चालायचे आणि शेठना ऐकू जाईल असं म्हणायचे, "सगळ्या पोरी एकाच गावात देऊन टाकल्यावर बापानं सणाला जायचं कसं? एकाच येस्टीनं. ती बंद पडली की बसा घरी." शेठ थोरले, समजूतदार. ते हसून सोडून द्यायचे.

मुकादमांची बायको निजामाबादकडची होती. मराठी बोलताना मधेच तेलुगू यायचं तिच्या. शेडच्याच आवारात त्यांची एक खोली होती. मूलबाळ नव्हतं. दुपारी ती डबा घेऊन यायची, दारात उभी राहायची, आणि मुकादमांचं लक्ष जाईपर्यंत उभीच असायची. लक्ष लवकर जायचं नाही. कधी कधी दुबईवाल्या ओरडायच्या, "मुकादम, तुमचं पार्सल आलंय!" तेव्हा ते वळायचे.

एका उन्हाळ्यात ती भावाकडं गेली. गेली ती गेलीच. भांडण झालं म्हणावं तर कुणी ऐकलं नव्हतं. बायकांनी दोनचार दिवस बोलून घेतलं. मग मुकादमांनी स्वतःच भात शिजवायला सुरुवात केली, आणि जेवायला ते शेडच्या आत, इराणच्या ओळीच्या मागं, भिंतीकडं तोंड करून बसायला लागले.

त्याच्यानंतरच इराणची मागणी कमी व्हायला लागली. आधी ओळीच्या टोकाच्या बाया उठल्या. मुकादम स्वतः त्यांच्याजवळ जाऊन हळूच सांगायचे, "जा, अमेरिकेत बस." दुसऱ्या कुठल्या ओळीतून उठवताना ते इतकं हळू बोलत नसत. पुढच्या हंगामात आणखी उठल्या. मग आम्ही मोजक्याच राहिलो. माझ्या शेजारी एक म्हातारी बसायची, ती निवडता निवडता झोपायची. तिला उठवलं त्या दिवशी ओळीत मी एकटी उरले.

शेठ म्हणायचे, "मुकादम, तिकडं पैशाची देवघेव अडकलीय. बँका घ्यायला तयार न्हाईत. त्यांनी घ्यायचं म्हणलं तरी पैसा यायचा कसा?"

"बँक हळद खाती का शेठ?"

"अवो पण..."

"मालात खोट निघाली आसंल. पैशाचा बहाना हाय. भला माणूस तोंडावर कवा सांगंल, तुमचा माल खराब होता म्हणून? तो येणं बंद करतो."

रेडिओवर, टीव्हीवर सगळीकडं पैशाचंच कारण सांगत होते, पण मुकादमांनी ते मनावर घेतलंच नाही. एवढा मोठा देश आपल्या एका शेडवर रुसलाय असं त्यांनी धरलं होतं. आणि ओळ मोडायची नाही असंही धरलं होतं. "जागा रिकामी दिसली तर यायचा माणूस दारातूनच परत जाईल," म्हणायचे. म्हणून मी बसायचे. चांगल्यातला चांगला माल ते माझ्यापुढं टाकायचे, मी निवडायचे, ते ऐकून पास करायचे, आणि पोती भिंतीला लावून ठेवायचे. हंगाम संपला की शेठ त्यातली बरीचशी पोती गुपचूप दुबईच्या मालात घालून विकायचे. मुकादमांना ते दिसत असणार. पण थोडी पोती शेठही ठेवायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "ते मुकादमाचं देवघर हाय. राहू द्या."

मला त्या ओळीत बरं वाटायचं. दुसऱ्या ओळीत बसलं की बोलावं लागतं. नवरा ट्रकवर, तो कधी येतो, पैसे पाठवतो का, पोरगी आईकडं का ठेवलीस, सासू काय म्हणते. बाया वाईट नव्हत्या, पण त्यांचं विचारणं संपायचं नाही आणि माझं उत्तर निघायचं नाही. इथं कांड्यांचा आवाज आणि भिंत. दिवसभरात मुकादमांचे शब्द दोनच, "इराण आली का," आणि संध्याकाळी "ऊठ आता." पण मधेच दाराकडून हसण्याचा आवाज आला की मी मान वर करायचे. दुबईत आता इतक्या बाया होत्या की त्या गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या. माझ्या दोन्ही बाजूंना बारदान मोकळं असायचं. तिकडं जावं असंही वाटत नव्हतं आणि इथंच राहावं असंही दरवेळी वाटायचं नाही.

दुपारी ते ओळीच्या एका टोकाला जेवायचे, मी दुसऱ्या. एकदा त्यांनी कागदात बांधलेली कारळ्याची चटणी बारदानावरून माझ्याकडं सरकवली. मी घेतली. एवढंच. पण दारातून ती थोरली बाई ओरडलीच, "इराणच्या घरी आज काय कालवण हाय गं?"

सगळी शेड हसली. माझ्या कानापर्यंत गरम झालं. दुसऱ्या दिवसापासून मुकादम जेवायला बाहेर, पत्र्याला टेकून उन्हात बसायला लागले. उन्हात बसून जेवणारा तो माणूस मला दारातून दिसायचा आणि मी भिंतीकडं तोंड फिरवायचे.

पुढं थोरले शेठ थकले आणि त्यांचा मुलगा, छोटे शेठ, कारभार बघायला लागला. शिकलेला, वागायला चांगला होता. बायकांसाठी त्यानं पिण्याच्या थंड पाण्याची सोय केली. पण त्याला ओळी कळेनात. "मुकादमकाका, जागा वाया जातेय. तिथं निवडायचं मशीन बसवायचंय मला. लातूरच्या डाळमिलीत बघा, सगळीकडं मशीन. दाणा दाणा डोळ्यानं ओळखतं ते."

"डोळ्यानं," मुकादम म्हणाले. "आन् कानानं?"

छोटे शेठ हसला. पण मशीन त्यानं एक हंगाम पुढं ढकललं, ते खरं.

त्या हंगामात दुबईचा व्यापारी आला. हसतमुख, आमच्याकडचं हिंदी चांगलं बोलणारा. सगळा माल बघत बघत तो माझ्यापर्यंत आला आणि भिंतीच्या पोत्यांकडं बघून थांबला. म्हणाला, हा माल आतापर्यंत कुठं लपवला होता? हाच पाहिजे, सगळा. भाव त्यानंच वर नेला. छोटे शेठचा चेहरा उजळला. मुकादम पुढं झाले.

"साहेब, ये माल अच्छा नही."

"क्यूं?"

मुकादमांनी पोत्यात हात घातला. पण कोपरापर्यंत नाही, वरच्या वर. निवडून टाकलेल्या ओल्या कांड्यांचं टोपलं माझ्याजवळ होतं. त्यातली एक त्यांच्या मुठीत आधीच होती. ती मला दिसली, कारण मी खाली बसलेली होते. त्यांनी टोपी काढली, कांडी मोडली. फसकन तुटली. व्यापाऱ्याचं तोंड उतरलं. तो दुसऱ्या ओळीकडं वळला.

व्यापाऱ्याला वाईट म्हणून सांगितलेला तो त्यांचा एकच माल, आणि तो शेडमधला सगळ्यात चांगला होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. टोपी घालताना मात्र ती उलटी घातली गेली, आणि संध्याकाळपर्यंत तशीच होती.

छोटे शेठ काही खुळा नव्हता. व्यापारी गेल्यावर तो आला. चिडला होता, तरी आवाज चढवला नाही. "काका, बाबांच्या माणसाला मी बोलणार न्हाई. पण एक सांगतो. तिकडच्या एका नव्या कंपनीला मी विचारून ठेवलंय, इराणच्या. नमुना मागतील तर पाठवू. त्यातून काही निघालं तर ओळ ठेवा. न्हाई निघालं तर हंगाम संपला की मशीन."

मुकादम म्हणाले, "न्हाई निघालं तर मी सोताच उठवतो. पण तिकडून काय म्हणतात ते मला कळू द्या. चांगलं आसू का वाईट. एवढंच."

आणि खरंच एक दिवस छोटे शेठ फोन हातात घेऊन आत आला. "काका, मागितला नमुना!"

मुकादम अमेरिकेच्या ओळीत वाकले होते. सरळ व्हायला त्यांना वेळ लागला.

"पण कांडी नको म्हणतात. पावडर पाहिजे."

"पावडर?"

"हाव. आता सगळे पावडरच घ्यायल्यात तिकडं."

"पावडरीत काय आयकू येतं?"

"ऐकायचं न्हाई काका. लॅबचा कागद बघतात."

मुकादम भिंतीच्या पोत्यांपाशी गेले. मग म्हणाले, "ह्याच मालाची दळा. पण पुन्हा निवडून."

"निवडलेलीच हाय की! आन् चक्कीत गेल्यावर सगळी एकच."

"चक्कीत जाईस्तवर तर एक न्हाई ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोती माझ्यापुढं मोकळी केली आणि मग जे कधी केलं नव्हतं ते केलं. माझ्यासमोर बारदानावर खाली बसले. गुडघे वळेनात, एक पाय लांब करून बसले आणि निवडायला लागले. शेड थांबली.

"आगं बया, इराणचा वाटा वाढला!" दुबईची थोरली ओरडली. "एकाचे दोन झाले!"

"ए दुबई, काम!" मुकादम म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. त्या दिवशी तिनंही पुढं काही लावलं नाही.

मुकादमांचा हात संथ होता. एक एक कांडी फिरवून बघायचे. मी माझी टोपली भरेपर्यंत त्यांची निम्मीही व्हायची नाही. दुपारनंतर, मान खाली घालूनच, ते बोलायला लागले. माझ्याशी की हळदीशी, कळत नव्हतं.

"ती गेली त्या दिशी कंटेनर दाराला लागलेला. इराणचाच. हमाल उभे. रिक्षावाला सांगत आला, मुकादम, तुमची बाई स्टँडवर ट्रंक घेऊन बसलीय. निजामाबादची गाडी बघायलीय. मी म्हणलं, एवढा माल पास करतो आन् जातो. गाडीला येळ हाय."

मी निवडत राहिले.

"कांडी मोडली. कानापाशी नेली. आवाजच आला न्हाई. दुसरी मोडली. कानात नुसती गाडी घुरघुरायली. मंग मी मोडायचंच सोडलं. पोत्यावर हात ठिवायचा आन् म्हणायचं, पास. आयकल्याबिगर गेला सगळा माल." त्यांनी हातातली कांडी चांगल्या ढिगात टाकली, पुन्हा उचलली, पुन्हा टाकली. "स्टँडवर गेलो तवा गाडी निघून गेलती. तिकडं बी गेलो न्हाई. इकडं बी केलं न्हाई."

मग म्हणाले, "त्या मालानंच घात केला. त्या माणसानं मोडून बघितली आसंल. वाजली नसंल."

माझ्या हातात एक कांडी होती. ती कुठल्या ढिगात टाकायची ते मला सुचेना. मी ती मांडीवर ठेवली.

माल दळला, नमुना तिकडं गेला. मग मुकादमांचं वाट बघणं सुरू झालं. ते छोटे शेठच्या काचेच्या खोलीबाहेर उभे राहायचे. फोन वाजला की आत बघायचे. आत जायचे नाहीत. माल पास करताना पूर्वीसारखंच ऐकायचे, पण एकेक कांडी तीनतीनदा. हमाल कुरकुरायला लागले.

निरोप आला त्या दिवशी मी पाणी प्यायला उठले होते, खोलीचं दार उघडं होतं, म्हणून मला ऐकू आलं.

"पोचला काका माल. ठीक आहे म्हणाले."

"ठीक म्हंजे?"

"म्हणजे तक्रार न्हाई. पण पुढची मागणी न्हाई सध्या. दुसऱ्या देशातून घ्यायल्यात ते, स्वस्त पडतंय."

"आन् आदीच्या मालाचं? त्या येळच्या? काही बोलले का?"

"कुठल्या आधीच्या? ही कंपनीच नवी हाय. जुन्या माणसाबद्दल मी विचारलं तुमच्यासाठी म्हणून. त्यानं धंदा कधीच बंद केलाय. पैशाच्या भानगडीत बसला तो."

छोटे शेठला काय वाटलं कुणास ठाऊक, तो उठून त्यांच्याजवळ आला. "काका, बाबांनी सांगितलंय मला. इराणचा जेवढा माल इथनं गेला, त्याची एकही तक्रार कधी आली न्हाई."

"एक बी न्हाई?"

"एक बी न्हाई."

मी माझ्या जागी येऊन बसले. मुकादम आले आणि माझ्याजवळून पुढं गेले, परत आले, परत गेले. आनंद झालेला माणूस असा चालत नाही. जिच्यापायी एवढी वर्षं मान खाली घातली ती खोट कुठं नव्हतीच. मग ती वर्षं कशाला धरून बसलो होतो, असं काहीतरी त्यांना होत असावं. मला वाटलं म्हणून लिहिते. ते तसं बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुकादम कामावर नव्हते. असं कधी झालं नव्हतं. बायकांना कुणी ओरडेना, तरी कुणी जास्त बोललं नाही. हमालानं सांगितलं, सकाळच्या गाडीनं निजामाबादला गेलेत, धुतलेले कपडे घालून.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ते आले. नेहमीसारखी हजेरी घेतली. मग माझ्या ओळीत येऊन उभे राहिले. मला विचारायचं होतं. एवढ्या वर्षांत मी त्यांना काही विचारलं नव्हतं.

"भेटल्या का?" मी म्हणाले.

त्यांना माझा आवाज ओळखीचा नसणार. त्यांनी आधी इकडं तिकडं पाहिलं.

"भेटली की. बरी हाय. भावाची नातवंडं हायेत, त्यात बसती. चहा दिला." थांबून म्हणाले, "म्हणलं, माझी चूक झाली, त्या दिशी मी आलो न्हाई. ती म्हणली, मी कवाच सोडून दिलं ते. माझी काही तक्रार न्हाई."

"मंग?"

"मंग काय. चहा पिला. कपबशी विसळून ठिवली आन् गाडीला आलो."

दुबईच्या ओळीत कुणीतरी हसलं, दुसऱ्याच कशाला तरी. मुकादमांनी त्यांना गप्प केलं नाही.

"ऊठ बाई," ते मला म्हणाले. त्यांनी मला बाई म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. "मिशीनवाले उद्या येणार. जागा मोकळी करून देऊ. तू दाराकडं जाऊन बस, तिकडं हवा बी हाय."

मी उठले. त्यांनी बारदानाचं एक टोक उचललं, मी दुसरं. आम्ही दोघांनी ते झटकलं. पिवळी धूळ उडाली, खाली बसेपर्यंत आम्ही तसेच ताणून उभे राहिलो. मग घडी घालायला मी त्यांच्याकडं चालत गेले, माझं टोक त्यांच्या हातात दिलं, आणि मागं सरले.